पावोनला उर्किसा मागे फिरला नसता तर? ला प्लाता संघराज्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्जेंटिनाचा पर्यायी इतिहास हा माझा जुना नाद. त्यातल्या एका 'जर-तर'वर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत: १८६१ ची पावोनची लढाई उर्किसाने अर्धवट सोडली नसती तर? त्यातून उभ्या राहणाऱ्या काल्पनिक देशाला मी ला प्लाता संघराज्य म्हणतो. एक खूण आधीच सांगतो. ज्या वाक्याचं क्रियापद 'असतं', 'असता', 'नसती' अशा वळणावर संपतं, ते माझ्या डोक्यातलं. बाकीचं घडलेलं. मराठीने ही सोय फुकट दिली आहे, तर वापरू या.

१. ला प्लाता संघराज्य नावाचा देश खरंच होता का?

या नावाचा नव्हता, पण ज्याच्यावर तो बेतला आहे तो देश होता. १८५२ च्या सप्टेंबरात बुएनोस आइरेस प्रांत उरलेल्या अर्जेंटिनापासून फुटून निघाला. एका बाजूला तेरा प्रांतांचं महासंघ-सरकार: राजधानी पाराना, राज्यघटना १८५३ ची, पहिले अध्यक्ष खुस्तो होसे दे उर्किसा. दुसऱ्या बाजूला एकटं बुएनोस आइरेस: स्वतःची घटना, स्वतःचं सैन्य, स्वतःची बँक आणि मुख्य म्हणजे स्वतःची जकात. १७ सप्टेंबर १८६१ रोजी सांता फे प्रांताच्या दक्षिणेला पावोन इथे दोघं भिडले. मैदान बुएनोस आइरेसच्या बार्तोलोमे मित्रे यांच्याकडे राहिलं, पुढच्या वर्षी ते देशाचे अध्यक्ष झाले आणि आजचा अर्जेंटिना त्या वाटेने घडला. माझ्या खेळात पावोन महासंघाने जिंकलं असतं, एवढाच फरक.

नावही अगदीच हवेतलं नाही. घटनेच्या ३५व्या कलमात देशाची तीन अधिकृत नावं दिली आहेत, त्यातलं एक 'रिओ दे ला प्लाताचे संयुक्त प्रांत' असं आहे.

२. पण पावोनच का? याहून मोठी लढाई मिळाली नाही?

मोठी नकोच होती. पर्यायी इतिहासात बदल जितका लहान तितकी गोष्ट पटते.

त्या दिवशी उर्किसाच्या घोडदळाने मित्रेंचं घोडदळ दोन्ही बगलांवर उधळून लावलं होतं. मधल्या फळीत मात्र मित्रेंच्या पायदळाने महासंघाची रांग फोडली. निकाल लटकलेला होता आणि उर्किसाकडे न वापरलेली राखीव तुकडी होती. अशा वेळी या माणसाने घोडा वळवला आणि सावकाश मैदान सोडलं. पळाला नाही, निघून गेला. का, यावर इतिहासकार आजही भांडतात. कुणी आजारपण सांगतं, कुणी म्हणतं की तेव्हाचे अध्यक्ष सान्तिआगो देर्की यांच्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता, कुणी पडद्यामागच्या तडजोडीकडे बोट दाखवतं.

'पानिपत जिंकलो असतो तर' हा खेळ आपण घरोघरी खेळलो आहोत. तिथे भूक, रसद, थंडी, रुसलेले मित्र, सगळंच बदलावं लागतं. इथे एका माणसाच्या हातातला लगाम तेवढा बदलायचा. (दोन्ही लढायांत शंभर वर्षांचं अंतर आहे, हा निव्वळ योगायोग.)

३. दोन्ही बाजू 'संघराज्य, संघराज्य'च म्हणत होत्या. मग भांडण कसलं?

जकातीचं. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

पुस्तकी उत्तर असं: 'उनितारिओ' म्हणजे एककेंद्री सत्ता हवी असणारे शहरी उदारमतवादी आणि 'फेदेराल' म्हणजे प्रांतांचे अधिकार मागणारे. हे वैर वैचारिक होतंच, आणि रक्तरंजितही. बुएनोस आइरेसचे गव्हर्नर हुआन मानुएल दे रोसास यांच्या काळात लोकांना छातीवर लाल फीत लावून फिरावं लागे. सरकारी कागदाच्या माथ्यावर संघराज्याचा जयजयकार आणि त्याखाली 'रानटी उनितारिओं'ना मरणाचा शाप. मजकूर मग घोड्यांच्या खरेदीचा का असेना!

आता खाली बघा. हेच रोसास फेदेरालांचे सर्वेसर्वा, पण त्यांनी देशाला घटना दिली नाही, बंदराचं उत्पन्न वाटून दिलं नाही आणि आतल्या नद्या परदेशी जहाजांना खुल्या केल्या नाहीत. पाराना आणि उरुग्वाय या दोन्ही नद्या ला प्लाताच्या मुखाशी येतात आणि त्या मुखावर बुएनोस आइरेस बसलेलं आहे. आतल्या प्रांतांची कातडी, लोकर, खारवलेलं मांस तिथून बाहेर जाई, आणि कापड तिथूनच आत येई. सरकारी उत्पन्नाचा सिंहाचा वाटा आयातीवरच्या जकातीतून. ज्याच्या दारात जकातनाका, त्याच्या घरात राज्य.

म्हणून ३ फेब्रुवारी १८५२ ला कासेरोस इथे रोसासना पाडलं ते उनितारिओंनी नाही, तर एन्त्रे रिओस प्रांताच्या फेदेराल गव्हर्नरने, म्हणजे उर्किसाने. आणि म्हणूनच रोसासच्या नावाने बोटं मोडणारे बुएनोस आइरेसचे उदारमतवादी सात महिन्यांत त्याच उर्किसाविरुद्ध उठले. झेंडा बदलला, नाका तोच.

महासंघाने १८५६ मध्ये फरकाची जकात लावून पाहिली: थेट रोसारिओला उतरलेल्या मालाला कमी, बुएनोस आइरेसमार्गे आलेल्याला जास्त. रोसारिओ वाढलं, तिजोरी काही भरली नाही. १८५९ मध्ये सेपेदाच्या लढाईत उर्किसाकडून हरल्यावर बुएनोस आइरेसने जकात राष्ट्राच्या हवाली करायचं कबूल केलं, पण आपल्या १८५९ च्या अंदाजपत्रकाएवढी रक्कम पाच वर्षं मिळेल अशी हमी घेऊनच. हरणाऱ्याला अशी हमी मिळते, यातच सगळं आलं.

४. राजधानी कुठे झाली असती?

रोसारिओ. अगदी ओढूनताणून केलेला अंदाज नाही हा. खऱ्या इतिहासातही पावोननंतरच्या काळात अर्जेंटिनाच्या काँग्रेसने रोसारिओला राजधानी करायचा कायदा तीनदा मंजूर केला आणि तिन्ही वेळा अध्यक्षांनी, आधी मित्रे आणि मग सार्मिएन्तो यांनी, तो नकाराधिकाराने अडवला. बुएनोस आइरेस शहर प्रांतापासून तोडून राष्ट्राची राजधानी व्हायला १८८० उजाडलं, तेही गोळीबार होऊन. आणि प्रांताला आपल्यासाठी ला प्लाता नावाचं नवं शहर १८८२ मध्ये वसवावं लागलं.

मजा अशी की याच दोमिंगो सार्मिएन्तोंनी १८५० मध्ये, निर्वासित असताना, स्वतःच एक पर्यायी देश कल्पिला होता: अर्जेंटिना, उरुग्वाय आणि पराग्वाय यांचं संघराज्य, राजधानी नदीमुखातल्या मार्तीन गार्सिया बेटावर, नाव आर्खिरोपोलिस. अध्यक्ष झाल्यावर मात्र त्यांनी राजधानी हलवायचे ठराव परत पाठवले. खुर्ची मिळाली की कल्पनाशक्ती आटते, ही तक्रार त्यांच्याबद्दल तरी करायला जागा आहे.

५. महासंघ जिंकला असता तर एवढे स्थलांतरित आले असते का?

आले असते. लोकांना वाटतं की स्थलांतर ही बुएनोस आइरेसच्या उदारमतवाद्यांची कल्पना आणि फेदेराल म्हणजे परदेशी माणसाचे वैरी. रोसासबद्दल ते बऱ्याच अंशी खरं, उर्किसाबद्दल नाही. 'राज्य करणं म्हणजे माणसं वसवणं' हे सूत्र मांडणारे हुआन बाउतिस्ता आल्बेर्दी महासंघाच्या बाजूने उभे होते, आणि युरोपात त्याचे राजदूत होते. संघसरकारने युरोपीय स्थलांतराला उत्तेजन द्यावं असं सांगणारं २५वं कलम १८५३ च्या घटनेत, म्हणजे बुएनोस आइरेस बाहेर असतानाच आलं. ते आजही तिथेच आहे.

सांता फेमधली एस्पेरान्सा ही वसाहत १८५६ ची. स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्समधली कुटुंबं. दर कुटुंबाला सुमारे ३३ हेक्टर जमीन. पुढच्याच वर्षी खुद्द उर्किसाने एन्त्रे रिओसमध्ये सान होसे वसवलं. दोन्ही पावोनच्या आधीची.

आकडे सांगतो, कारण ते डोळ्यांसमोर नसले की या देशाचं काहीच कळत नाही. १८६९ च्या पहिल्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १८ लाख होती. १९१४ च्या तिसऱ्या जनगणनेत सुमारे ७९ लाख, आणि त्यात दर दहांतले तीन जण परदेशात जन्मलेले. बुएनोस आइरेस शहरात जवळजवळ निम्मे. यामागे इटली-स्पेनमधलं दारिद्र्य, स्वस्त झालेला आगबोटीचा प्रवास आणि पाम्पा या सपाट गवताळ प्रदेशातला गहू होता. पावोनचा निकाल यातलं काहीच थांबवू शकला नसता.

बदलली असती ती उतरायची जागा. १९११ मध्ये बुएनोस आइरेसच्या धक्क्याला लागून मोठं स्थलांतरित-निवास उघडलं. खाली लांबच लांब भोजनगृह, वर निजायच्या खोल्या, पाच दिवस राहणं-जेवणं फुकट. रोजगार कचेरी जवळच, आणि आतल्या प्रांतात काम मिळालं तर तिथवरचं तिकीट सरकारचं. पण पाच दिवसांत ज्याने शहराचे दिवे बघितले, तो त्या तिकिटावर गाडीत बसायला तयार असेलच असं नव्हे. माझ्या संघराज्यात हे निवास रोसारिओला, नदीकाठी, गव्हाच्या शेतांच्या उंबऱ्यात झालं असतं.

६. मग त्यांना जमीन मिळाली असती ना? छोट्या शेतकऱ्यांचं लोकशाही राष्ट्र झालं असतं ना?

हे स्वप्न मला दर महिन्याला कुणीतरी पाठवतं. थोडं पटतं, फार नाही.

पटतं ते एस्पेरान्साकडे बघून. पटत नाही ते उर्किसाकडे बघून. हा गृहस्थ देशातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदारांपैकी एक होता. हजारो गुरं, मांस खारवण्याचा स्वतःचा कारखाना, आणि राहायला कमानींचा राजवाडा. (१८७० मध्ये त्याच राजवाड्यात त्याचा खून झाला.) पावोन जिंकून त्याने आपल्याच कुरणांचे तुकडे केले असते असं मानायला काही आधार नाही. बुएनोस आइरेस प्रांतातली उत्तम जमीनही बोटी यायच्या कितीतरी आधी मोजक्या घराण्यांकडे गेली होती, आणि लढाई हरली म्हणून सातबारा बदलत नाही.

खुद्द सांता फेचं उदाहरण घ्या. वसाहतींचा हा लाडका प्रांत. पण त्याच्या दक्षिणेत इटालियन-स्पॅनिश शेतकरी बहुतेक खंडकरीच राहिले. १९१२ च्या जूनमध्ये आल्कोर्ता गावातून त्यांनी खंडाविरुद्ध संप पुकारला आणि तो पाम्पाभर पसरला. पीक भरघोस आलं तरी खंड आणि दुकानाची उधारी भागवून हातात काही राहत नव्हतं. राजधानी रोसारिओला असती तर हा संप सरकारच्या दारात झाला असता; खंड आपोआप उतरला नसता.

७. दहांतले तीन लोक परदेशी, तर त्यांनी मतपेटीतून सत्ता का घेतली नाही?

कारण बहुतेकांनी नागरिकत्वच घेतलं नाही. घटनेच्या २०व्या कलमाने परकीयांना नागरिकांचे सगळे दिवाणी हक्क दिले: धंदा करा, जमीन घ्या, आपला धर्म पाळा. दोन वर्षं राहिलं की नागरिकत्वही मागता येई. पण हक्क आधीच पदरात आणि वर आपल्या देशाच्या वकिलातीचं छत्र, मग ते सोडायचं कशाला? कित्येकांना तर परतच जायचं होतं. सुगीपुरते समुद्र ओलांडून येणारे आणि परत जाणारे इटालियन मजूर होते, त्यांना 'गोलोन्द्रीना' म्हणजे पाकोळ्या म्हणत. १९१२ च्या साएन्स पेन्या कायद्याने मतदान गुप्त आणि सक्तीचं झालं, पण फक्त पुरुष नागरिकांना. राबणारे हात अर्ध्याहून जास्त परदेशी आणि मतदार यादीत एकही नाही, असे कारखाने बुएनोस आइरेस शहरात होतेच.

अपवाद हवा असेल तर पुन्हा सांता फेच. तिथल्या वसाहतींत परकीयांना नगरपालिकेच्या निवडणुकीत मत होतं. १८९० मध्ये प्रांताने ते काढून घेतलं, पाठोपाठ गव्हावर कर बसवला. १८९३ मध्ये स्विस आणि जर्मन शेतकरी बंदुका घेऊन रॅडिकल पक्षाच्या उठावात उतरले. माझ्या संघराज्यात सांता फेची ही जुनी पद्धत टिकून देशभर गेली असती, आणि परदेशी माणूस नगरपालिकेच्या दारातून राजकारणात आला असता. खेळातला माझा सगळ्यात धाडसी अंदाज हाच.

८. अराजकवादी आणि समाजवाद्यांचं काय झालं असतं?

ते बोटीतूनच आले होते, त्यामुळे तेही आले असतेच (प्रश्न ५). समाजवादी पक्ष १८९६ चा, नेते डॉक्टर हुआन बी. हुस्तो. त्यांचं म्हणणं: नागरिक व्हा, मत द्या. अराजकवादी म्हणत: मत म्हणजे मालक निवडणं. नागरिकत्वच नसलेल्या कामगाराला दुसरी गोष्ट जास्त पटली यात नवल नाही. १९०५ मध्ये त्यांच्या कामगार महासंघाने, 'फोरा'ने, अराजकवादी साम्यवाद हे उघड ध्येय मानलं.

सरकारचं उत्तर १९०२ चा निवास कायदा: उपद्रवी वाटणाऱ्या परकीयाला खटल्याविना देशाबाहेर काढायचं. १९०७ मध्ये बुएनोस आइरेसच्या चाळींतले, म्हणजे 'कोन्व्हेन्तिज्यों'तले भाडेकरू संपावर गेले, भाडं तीस टक्के उतरवा म्हणून. एका खोलीत एक कुटुंब, मधे सामायिक अंगण, तिथेच धुणं, तिथेच भांडणं. बायका-मुलं हातात झाडू घेऊन रस्त्यावर आली: घरमालकांना झाडून काढू! पोलिसांनी बंबाच्या पाण्याचे फवारे मारले आणि संपाचे पुढारी याच कायद्याखाली हद्दपार झाले.

रोसारिओला तर 'अर्जेंटिनाचं बार्सिलोना' म्हणत, इतकं तिथे अराजकवाद्यांचं वजन. म्हणजे प्रश्न ४ मधली राजधानी थेट त्यांच्या मोहल्ल्यात आली असती. संघराज्य म्हणून ते सरकार मवाळ झालं असतं का? नसतं. मवाळ झालं असतं तर ते प्रश्न ७ मधल्या मताच्या भीतीने.

९. पराग्वायचं युद्ध टळलं असतं का?

मला वाटतं, टळलं असतं, आणि या खेळातली सगळ्यात मोठी मिळकत हीच झाली असती. साखळी बघा. पावोन जिंकलेल्या मित्रेंनी १८६३ मध्ये उरुग्वायच्या सरकारवर चालून जाणाऱ्या वेनान्सिओ फ्लोरेस यांना हातभार लावला. त्यात ब्राझील उतरलं. पराग्वायचे फ्रान्सिस्को सोलानो लोपेस यांनी अर्जेंटिनाच्या कोर्रिएन्तेस प्रांतातून सैन्य न्यायची वाट मागितली, मित्रेंनी नाकारली, लोपेसनी कोर्रिएन्तेसवरच हल्ला केला. १ मे १८६५ ला ब्राझील, अर्जेंटिना आणि फ्लोरेस यांचं उरुग्वाय अशी तिघांची युती झाली आणि १८७० पर्यंत पराग्वाय उद्ध्वस्त झाला.

हेच लोपेस १८५९ मध्ये सेपेदानंतरच्या तहाचे मध्यस्थ होते. आणि १८६५ मध्ये उर्किसाने एन्त्रे रिओसचे जे स्वार जमवले, ते पराग्वायशी लढायचं म्हटल्यावर बासुआल्दोच्या तळावरून सरळ घरी निघून गेले. उर्किसाच्या सरकारने फ्लोरेसना मदत केली नसती, एवढं तरी मी छातीठोकपणे म्हणेन. ब्राझीलची हमी मात्र देत नाही.

१०. आर्तीगासपासून सुरुवात का केली नाही? खरा संघवादी तोच.

खरं आहे. आजच्या उरुग्वायचे नेते होसे आर्तीगास यांनी १८१३ मध्येच स्वातंत्र्य, संघराज्य आणि बुएनोस आइरेसबाहेर राजधानी या मागण्या मांडल्या. १८१५ च्या त्यांच्या जमीन नियमावलीत मुक्त झालेले काळे, मूलनिवासी आणि गरीब क्रिओल्यो (तिथेच जन्मलेले स्पॅनिश वंशाचे लोक) यांना आधी जमीन द्यायची होती. माणूस म्हणून मला तेच जवळचे. पण १८२० पर्यंत त्यांना एकीकडून पोर्तुगीज सैन्य आणि दुसरीकडून स्वतःचेच साथीदार अशा दोघांनी संपवलं. उरलेली तीस वर्षं पराग्वायमध्ये वनवासात गेली. त्यांना जिंकवायला निदान चार ठिकाणी इतिहास वाकवावा लागतो. वर म्हटलं तसं, मला एका लगामावर भागवायचं आहे.

११. मूलनिवासींच्या वाट्याला काही बरं आलं असतं का?

इथे प्रश्न अवघड होतो. मापुचे या मूलनिवासी लोकांचा नेता काल्फुकुरा हा १८५० च्या दशकात बुएनोस आइरेसविरुद्ध महासंघाचा दोस्त होता. त्यामुळे 'महासंघ जिंकला असता तर मूलनिवासींची जमीन जिंकायची लष्करी मोहीम झालीच नसती' असा युक्तिवाद येतो. पण १८७८-७९ च्या खुलिओ रोका यांच्या मोहिमेचा खर्च, जिंकायच्या जमिनीचे रोखे आधीच विकून उभारला होता. भूक जमिनीची होती, आणि ती दोन्ही बाजूंच्या जमीनदारांना सारखीच. दोस्तीमुळे दहा-वीस वर्षं मिळाली असती, करारांवर सह्या झाल्या असत्या. गव्हाचे भाव आणि रेल्वे आल्यावर त्या सह्या टिकल्या नसत्या.

१२. देशाची भाषा इटालियन झाली असती का?

नसती. खऱ्या बुएनोस आइरेसमध्ये इटालियनांचा एवढा लोंढा येऊनही पहिल्या पिढीची धेडगुजरी 'कोकोलिचे' बोली दुसऱ्या पिढीत विरली. मागे राहिले ते लुन्फार्दोतले, म्हणजे शहराच्या बाजारी बोलीतले शब्द आणि बोलण्याची लकब. १८८४ च्या कायद्याने सक्तीची, मोफत शाळा आली, आणि मुलं स्पॅनिशमधूनच शिकली.

१३. पेरॉन?

दर वेळी येतो हा प्रश्न. विसाव्या शतकात कामगारांच्या पाठिंब्यावर अर्जेंटिनाचे अध्यक्ष झालेले हुआन पेरॉन यांचा जन्म पावोननंतर तीसेक वर्षांनी. माझा नियम असा की बदलाच्या क्षणानंतर जन्मलेल्या कुणालाही नावानिशी आणायचं नाही. कामगारांच्या जिवावर उभा राहणारा कुणीतरी नेता आला असता, कारण प्रश्न ७ मधली मत नसलेली पिढी मरून तिची इथे जन्मलेली, मत असलेली मुलं मोठी होणारच होती. त्याचं नाव मला विचारू नका.

१४. हरलेलं बुएनोस आइरेस कायमचं वेगळं राष्ट्र झालं नसतं का?

तिथे तसं म्हणणारे लोक होते, आणि जकात हातात असलेल्या शहराला ते परवडण्यासारखंही होतं. पण मित्रेंना वेगळं राष्ट्र नको होतं, अख्खा देश आपल्या नेतृत्वाखाली हवा होता. पावोन हरल्यावर त्यांची जागा अधिक कडव्या फुटीरांनी घेतली असती, तर महासंघापुढे तिसरी लढाई उभी राहिली असती. म्हणून माझ्या खेळात उर्किसा शहरात घुसला नसता. पाच वर्षांची हमी (प्रश्न ३) त्याने दहा वर्षांची करून दिली असती आणि तो घरी गेला असता. ज्यांना हे फार सौम्य वाटतं त्यांनी सेपेदानंतर तो कसा वागला ते पाहावं: जिंकूनही तो शहरात शिरला नव्हता.

१५. मी यावर कथा लिहितोय. नकाशा कोणता वापरू?

आजचा नको. १८६१ मध्ये ना महासंघाची दक्षिणेकडच्या पातागोनियावर सत्ता होती ना बुएनोस आइरेसची. चुबुतला वेल्श वसाहतवाले उतरले तेसुद्धा १८६५ मध्ये. उत्तरेचा चाकोही मूलनिवासींच्याच ताब्यात होता. दोन्ही पट्टे कोरे सोडा, आणि नद्या जाड रेषेने काढा.